वीस की पन्नास? टू-स्ट्रोकवर बसून मढे घाट

आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुकुंदकाका राहतात आणि पहिल्या मजल्यावर माझे बाबा आणि मी. काका आणि बाबा एकाच वयाचे, एकाहत्तर. एकाच कारखान्यात, एकाच खात्यात, कँटीनच्या एकाच टेबलावर तीस वर्षं काढलेले. गेली सतरा वर्षं ते एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. भांडण जागेचं नाही, पैशाचं नाही, बाईचं तर नाहीच नाही. टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं, यावरून हे भांडण आहे. बाबा म्हणतात वीस, काका म्हणतात पन्नास. हसू नका. आमच्या गावात याहून किरकोळ कारणांवरून घरं फुटलेली आहेत.

ज्यांचा जन्म टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेल्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं, या तेलालाच टू-टी म्हणतात. जास्त झालं तर मागच्या माणसाला धुराने खोकला येतो आणि प्लग काळा होतो. कमी पडलं तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो, म्हणजे इंजिन जाम. त्यामुळे आकडा महत्त्वाचा, हे मान्य. पण त्यासाठी सतरा वर्षं?

ही गाडी दोघांनी मिळून घेतलेली. सतरा वर्षांपूर्वी दोघं तिच्यावरून वेल्ह्याच्या पुढे मढे घाटाकडे निघाले. नसरापूरला पंपावर तेलावरून जुंपली, आणि पासलीच्या पुढच्या चढावर इंजिन जाम झालं. घाट राहिला बाजूला. भाताच्या टेंपोत गाडी घालून दोघं परत आले, एक पुढे ड्रायव्हरपाशी, एक मागे गाडीपाशी. बाबांचं म्हणणं, मुकुंदाच्या पन्नासने वाट लावली. काकांचं म्हणणं, अरविंदाच्या वीसने. तेव्हापासून गाडी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. दोन वर्षांपूर्वी मी ती बाहेर काढली, इंजिन दुरुस्त करून घेतलं, सायलेन्सर वर वळवून घेतला, गाठी असलेले टायर घातले आणि रानवाटांवर चालवायला लागले. मी नारायण पेठेत एका क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

दिवाळीच्या तोंडावर काका जिन्यात भेटले. हातात रद्दीचा गठ्ठा.

"मीनल, मी बेंगळुरूला चाललोय. लेकीकडे. कायमचा," ते म्हणाले. "दिवाळीनंतरचा तिसरा रविवार. तुझ्या बाबाला सांगू नकोस."

म्हणजे सांग.

"गाडी चालते का गं तुझी?"

"चालते की."

"मग एकदा मढे घाट दाखव तिला. आम्ही पोचलोच नाही." दोन पायऱ्या चढून ते थांबले. "आणि पन्नास. विसरू नकोस."

मी घरात जाऊन बाबांना सांगितलं. ते मंडईतून आणलेले मटार सोलत होते.

"मुकुंदकाका कायमचे बेंगळुरूला चाललेत."

"कोण मुकुंद?"

"तिसऱ्या मजल्यावरचे."

"असं होय? वर कोणी राहतं वाटतं."

त्यानंतर झोपेपर्यंत त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "कधी म्हणालीस, कोणता रविवार?" मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. आयुष्यात मित्र म्हणावा असा हा एकच माणूस, तो तीन आठवड्यांत गाव सोडणार, आणि हे वाटाणे मोजतायत. काका जायच्या आत या दोघांनी एकदा तरी एकमेकांकडे बघून बोलावं, एवढंच मला हवं होतं. मढे घाटाचं निमित्त चांगलं होतं. दिवाळीच्या सुट्टीतला मंगळवार-बुधवार ठरवला.

आता इंधन. पुण्यात एकदा तुम्ही तोंडातून "टू-स्ट्रोक" हा शब्द काढा आणि बघा. ज्याने आयुष्यात स्कूटरचं झाकण उघडलं नाही तोही खुर्ची ओढून बसतो.

सोबतीला येणार होती स्मिता, माझी शाळेपासूनची मैत्रीण. हिंजवडीला मॅनेजर आहे, नवी चकचकीत फोर-स्ट्रोक चालवते, तिला तेल मिसळावं लागत नाही, आणि म्हणूनच तिला त्यावर सगळं ठाऊक असतं. "ॲक्च्युअली मीनल, तुझा मेन इश्यू ऑइल नाहीच आहे, ई-ट्वेंटी आहे," ती म्हणाली. म्हणजे पंपावर हल्ली मिळतं ते वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल. हे शेजारच्या खोलीत ऐकून बाबा तिथूनच ओरडले, "बघ! सरकारसुद्धा वीसच म्हणतं!"

स्मिताच्या मुद्द्यात मात्र तथ्य होतं, हे कबूल करते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साचतं, तेल त्याच्याशी नीट मिसळत नाही आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप फुगतात. म्हणून लागेल तेवढंच पेट्रोल भरा, ताजं भरा, आणि लांबच्या प्रवासाआधी इंधनाचा पाइप बदलून घ्या. महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायची गरज नाही. माझ्या गाडीला त्यातलं काही कळत नाही. स्मिताने मग आपल्या बायकर ग्रुपवर माझा प्रश्न टाकला. एक म्हणाला एकास पंचवीस. एक म्हणाला एकास ऐंशी, तेल परदेशी असेल तर. एकाने लिहिलं, खरे रेसर फक्त एरंडेल वापरतात. ज्याने हे लिहिलं त्याला आधी दोन चमचे द्यायला हवं होतं, पोटातून आणि डोक्यातून बराच मळ गेला असता.

नाना पेठेतले माझे मिस्त्री एरवी अंदाजाने स्वतःच तेल घालून देतात, पण त्यांनीही आकडा सांगितलाच नाही. ते वेगळंच बोलले. "मॅडम, हिचं बोअर आता शेवटचं, सिलिंडर आणखी घासता येणार नाही. याच्यापेक्षा मोठा पिस्टन मिळत नाही. या टायमाला जाम झाली तर नवी स्लीव्ह घालायला लागेल, आणि ते काम नीट करणारा माणूस मला तरी माहीत नाही." म्हणजे चूक झाली तर गाडी भंगारात. काकांनी घाट दाखव म्हटलेली गाडी मीच कायमची झोपवली, तर तिसऱ्या मजल्यावर मी कोणत्या तोंडाने जाणार होते?

म्हणून मी दोन्ही म्हाताऱ्यांना शेवटचं विचारलं. "बाबा, वीस म्हणजे नक्की काय?" तर म्हणे, "वीस म्हणजे वीस. आकड्याला कधी अर्थ विचारतात का?" मग मी वर गेले. "काका, पन्नास म्हणजे?" तर म्हणे, "गणित शिकवतेस ना? पन्नास म्हणजे एकोणपन्नासच्या पुढचा." शिवाय दोघांनीही गुपित सांगावं तशा आवाजात दुसऱ्याबद्दल सांगितलं की त्याचं तेल फार जास्त, तो इंजिन तेलात तळतो. जास्त तेलाने इंजिन जाम होत नाही, हे त्या दोघांच्या रागात माझ्याही लक्षात आलं नाही.

यावर गणिताच्या बाईने काय केलं असेल? सरासरी काढली. वीस अधिक पन्नास भागिले दोन, पस्तीस. एकास पस्तीस, म्हणजे लिटरला साधारण एकोणतीस मिलिलिटर. कोणाचंच मन मोडायला नको. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

मंगळवारी सकाळी सहाला निघालो. स्मिता अंगावर एवढं चिलखत घालून आली होती की जिना उतरून पार्किंगमध्ये आलेल्या बाबांनी विचारलं, "लढाई कुठे आहे?" हेल्मेटवर कॅमेरा, छातीवर कॅमेरा, हँडलवर कॅमेरा. माझ्याकडे एक पाच लिटरचा पत्र्याचा डबा, टू-टीची बाटली आणि औषधाच्या दुकानातून आणलेली मोठी सिरिंज. स्वारगेट, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर. सहाला निघालात तर नसरापूर फाटा तासाभरात येतो. आठला निघालात तर कात्रजलाच आयुष्याचा विचार करत बसाल. फाट्यावर मिसळीची दुकानं रांगेने आहेत. प्रत्येकावर "अस्सल" लिहिलेलं आणि प्रत्येकाची तर्री एकाच पिंपातून आल्यासारखी. मिसळीवर वेळ घालवू नका. फाट्यावरून आत वळलात की छोट्या टपऱ्यांवर गरम पोहे मिळतात, ते खा.

नसरापूरला पंपावर पेट्रोल घेतलं. पूर्वी प्रत्येक पंपाच्या कोपऱ्यात टू-टीचं छोटं यंत्र असायचं, दांडा ओढला की मोजून तेल पडायचं. "टू-टी आहे?" असं विचारल्यावर इथल्या माणसाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "ताई, पेट्रोल हाय, डिझेल हाय, हवा फुकट हाय. टू-टी काय माहीत न्हाई बा." तेव्हा तेल पुण्यातूनच न्या. आणि मिश्रण टाकीत करू नका, डब्यात करा. आधी अर्धा डबा पेट्रोल, मग सगळं तेल, झाकण लावून चांगलं हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, मागूही नका. पंपापासून लांब, मोकळ्या जागेत जाऊन मी हा विधी करत होते तर एक गृहस्थ स्कूटर थांबवून खास उतरून आले. "तेल शेवटी घालायचं असतं," म्हणाले. गाडी कोणती हे विचारलं नाही, नाव विचारलं नाही, सल्ला देऊन निघून गेले. पुण्याची हद्द सरकारी नकाशात कुठे संपते ते संपू दे, खरी हद्द हे लोक जिथवर पोचतात तिथवर आहे.

आंबवण्यापासून पुढे रस्ता सुरेख आहे. डावीकडे राजगड, समोर तोरणा, शेतात पिवळं पडलेलं भात आणि त्याचा वास. वेल्ह्याला चहा घेतला. वेल्ह्याच्या पुढे पंप नाही असं धरूनच चला. भट्टीच्या खिंडीत खड्डे आहेत, पण टू-स्ट्रोकला खड्ड्यांचं काही वाटत नाही. ती आपली तडतडत उड्या मारत जाते आणि मागे निळसर पट्टा सोडते. स्मिता तो पट्टा गिळत येत होती. दर दहा मिनिटांनी पुढे येऊन ती मला हाताने काहीतरी सांगायची. मी समजून घेतलं नाही.

पासली मागे पडलं, चढ सुरू झाला, आणि गाडी अडखळली. एकदा, दोनदा. मग आवाजच गेला.

मी क्लच दाबून गाडी कडेला घेतली. हाच चढ. सतरा वर्षांपूर्वी हाच चढ होता, बाबांनी शंभर वेळा वर्णन केलेला, उजवीकडे कातळ आणि डावीकडे भाताची खाचरं. किकवर पाय ठेवायची हिंमत होईना. किक खाली गेली तर इंजिन मोकळं. नाही गेली तर संपलं सगळं.

"व्हॉट हॅपन्ड?" स्मिताने विचारलं.

"बोलू नकोस," मी म्हणाले आणि पाय दिला.

किक खाली गेली. अलगद, नेहमीसारखी. मला रडूच आलं. स्मिताने त्याचा व्हिडिओ काढला, तो तिच्याकडे अजून आहे आणि ती तो पार्ट्यांमध्ये दाखवते.

खाचरात यंत्राने भात कापणं चाललं होतं. ते यंत्र बंद झालं आणि पन्नाशीची एक बाई यंत्र खांद्यावर घेऊन बांधावर आली. त्या हिराबाई. नवऱ्याची पाठ धरल्यापासून चार वर्षं भातकापणी त्याच करतात. त्यांच्या कापणी यंत्राचं इंजिनही टू-स्ट्रोक.

"काय झालं, बंद पडली व्हय?" त्यांनी विचारलं. नुसतं सायलेन्सरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पलग काडा. काळा झाला आसंल."

प्लग काढला. ओला, काळाकुट्ट. हिराबाईंनी पदराच्या गाठीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढून तो घासायला घेतला.

"तेल किती घातलं वो?"

"एकास पस्तीस."

"पस्तीस? आन् ह्यो आकडा कुठनं आणला?"

मी सांगितलं. बाबा, काका, वीस, पन्नास, सतरा वर्षं, सरासरी. त्यांनी प्लग घासायचं थांबवलं. मी सांगून संपवलं तेव्हा त्या बांधावर बसून हसत होत्या, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत.

"आवो बाई, ईस काय आन् पन्नास काय, एकच की त्ये!"

"एकच कसं?"

"माज्या मशिनीच्या बाटलीवर छापलंय एकास पन्नास. दुकानदार म्हणला लिटरला ईस. म्या इचारलं, दोन आकडं कशाला सांगतो रं, फसवतो का? तर माज्या लेकीनं मोजून दावलं. एका लिटरात हजार एमएल. हजाराला पन्नासनं भागा, किती येतात?"

"वीस," मी म्हणाले.

"झालं मग! लिटरला ईस घातलं की एकास पन्नास झालं. तुमचं एक म्हातारं एमएलमधी बोलतंय, एक हिशेबामधी बोलतंय. भांडत्यात कशापायी?"

मी त्या चढावर उभी होते आणि माझ्यापुढे गेल्या एकोणीस वर्षांतले माझे सगळे विद्यार्थी रांगेने उभे होते. उत्तराला एकक लिहिलं नाही की मी अर्धा गुण कापते. रडणाऱ्या मुलांचेही कापलेले आहेत. आणि स्वतःच्या घरात वीसला एकक विचारून उत्तर मिळालं नाही, तर मी सरळ एका मापाची आणि एका गुणोत्तराची सरासरी काढून ती टाकीत ओतली. आंबे आणि आंब्यांचा भाव यांची बेरीज केली म्हणा ना.

"वेट," स्मिता म्हणाली. "तू मॅथ्सची टीचर आहेस ना? म्हणजे, प्रोफेशनली?"

हिराबाईंनी प्लग लावून दिला, टाकीतल्या नि डब्यातल्या मिश्रणात आपल्या यंत्रासाठी आणलेलं साधं पेट्रोल वाढवून त्याचं माप बसवून दिलं. पैसे विचारले तर म्हणाल्या, "म्हाताऱ्यास्नी सांगा, तेवढं बास." गाडी पहिल्या किकला सुरू झाली. धूर निम्म्यावर आला आणि चढावर तिचा आवाज असा मोकळा लागला की वाटलं, ही बिचारी सकाळपासून हेच सांगत होती.

केळदला एका घरी राहण्याची सोय आहे. माणशी सातशे रुपयांत राहणं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि नव्या इंद्रायणीचा भात. भाताचं वर्णन करत नाही, तो खायला जा. गावापासून मढे घाटाचा कडा जवळ आहे, शेवटचा भाग कच्चा, लाल मातीचा आणि सैल दगडांचा. गाठींच्या टायरांना तिथे खरी मजा आली. स्मिताच्या गाडीचं चकचकीत धूड तिच्या चिलखतासकट दोनदा आडवं झालं. मी व्हिडिओ काढायला विसरले नाही.

कड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. खाली कोकण पसरलेलं, एकामागे एक डोंगर, मधे कुठेतरी धूर. अलीकडे कुरकुऱ्यांच्या पिशव्या, बाटल्या आणि नवराबायकोचं एक जोडपं, ज्यांनी एकाच उडीचं एकवीस वेळा शूटिंग केलं आणि दरीकडे एकदाही बघितलं नाही. मी गाडी कड्यापासून लांब, पण दरी दिसेल अशी उभी केली आणि तिचा फोटो काढला. दोघा म्हाताऱ्यांना एकदमच पाठवला. दोघांचीही निळी खूण लगेच आली, उत्तर कोणाचंच नाही.

बुधवारी परत येताना वेल्ह्याहून पाबे घाटाने खानापूर, खडकवासला आणि सिंहगड रस्ता. पाबे घाट चढाला-उताराला तीव्र आहे, वळणं आंधळी, हॉर्न द्या. टू-स्ट्रोकवाल्यांसाठी खास सूचना: लांब उतारावर थ्रॉटल, म्हणजे रेस, पूर्ण बंद ठेवून गिअरवर उतरू नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, मधूनमधून हलका थ्रॉटल देत राहा. सिंहगड रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तिथे राहणाऱ्यांना आधीच पुरेसा त्रास आहे.

चारच्या सुमाराला मी पार्किंगमध्ये शिरले. या गाडीचा आवाज लपत नाही. बाबा खाली येऊन उभेच होते. जिन्यावर पावलं वाजली आणि काकाही आले. दोघं गाडीच्या दोन बाजूंना. बाबा टाकीकडे बघत, काका मागच्या चाकाकडे.

"पोचली का गं ही घाटावर?" काकांनी मला विचारलं.

"आणि तेल किती घातलं होतं, हे विचारायचंय का म्हणावं यांना," बाबा मला म्हणाले.

मी पर्समधून खडू काढला. पार्किंगच्या फरशीवर, गाडीच्या पुढच्या चाकापाशी, मोठ्या आकड्यांत लिहिलं: १००० ÷ ५० = २०. खाली लिहिलं: मिलिलिटर. एककासकट.

"काकांचं एकास पन्नास," मी म्हणाले. "बाबांचं लिटरला वीस. सतरा वर्षं तुम्ही दोघं एकच आकडा सांगताय."

दोघांनी वाकून वाचलं. कारखान्यात मोजमापाच्या खात्यात काम केलेली माणसं, एका केसाचा फरक डोळ्याने ओळखणारी. बाबांना मी वीसचा अर्थ विचारला होता, काकांना पन्नासचा. ते मला जे बोलले, तेच एकमेकांना बोलले असणार.

"हे मला माहीतच होतं," बाबा म्हणाले.

काका फरशीवरचा आकडा पुन्हा वाचत होते. मग सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ बाबांकडे पाहिलं.

"अरविंदा, दोघांचं एकच होतं, तर मग इंजिन जाम का झालं?"

"मला काय विचारतोस? तू घातलंस तेल."

"मी?"

"मग कोण? तू पन्नास पन्नास करत होतास. मी म्हटलं, घाल लेका तुझं पन्नास, आणि टायरमधली हवा बघायला गेलो."

"मी नाही घातलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "मला राग आला होता. म्हटलं, वीसच घालायचं तर घालू दे याला. मी चहा सांगायला गेलो."

टाकीत आदल्या वेळचं थोडं मिश्रण उरलं असणार. तेवढ्यावर ती बिचारी पासलीपर्यंत चढली.

"म्हणजे कोणीच घातलं नाही," मी म्हणाले, कारण ते कोणीतरी म्हणायला हवं होतं.

बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. दोन दिवस मी मनातल्या मनात या क्षणाची तयारी केली होती, दोघांना कसं टोचून बोलायचं याची वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही मला आठवेना. मला खूप वाईट वाटलं.

"सुलभा गेली तेव्हा मी खाली आलो होतो," काका म्हणाले. सुलभा म्हणजे माझी आई. "दारापर्यंत."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या चपला दिसल्या होत्या."

बाबांनी पायरीवर बाजूला सरकून जागा केली आणि काका गुडघे धरत बसले. मी डबा आणि हेल्मेट उचलून वर गेले आणि चहा ठेवला. तीन कप, दोन बिनसाखरेचे. पाणी उकळेपर्यंत खालून आवाज चढले: इथेनॉलवरून काहीतरी. काकांचं म्हणणं होतं की सरकारचा आकडा चूक आहे.

हे लिहितेय तेव्हा काकांना जाऊन आठवडा झाला आहे. कोणी या वाटेने टू-स्ट्रोक घेऊन जाणार असेल तर: ताजं पेट्रोल, चांगलं टू-टी, लिटरला वीस मिलिलिटर, किंवा एकास पन्नास, तुम्हाला ज्या भाषेत भांडायचं असेल त्या भाषेत. आणि पंपावरून निघायच्या आधी, कितीही राग आलेला असला तरी, "तेल कोणी घातलं?" हे मोठ्याने विचारा. आम्ही परतलो त्या बुधवारपासून काकांच्या रविवारपर्यंत अकरा दिवस होते. रोज सकाळी काका खाली यायचे, दुपारच्या जेवणाला वर जायचे, पुन्हा खाली यायचे. सतरा वर्षांना अकरा दिवस. मी गणिताची बाई आहे, पण हे गुणोत्तर मी काढलेलं नाही.